बॅग नको, माहिती द्या

वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत टोकन असतं. रंगारी झाकण उचकटतो, टोकन शोधतो, त्याला चिकटलेला रंग अंगठ्याने पुसतो आणि खिशात टाकतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी टोकनाच्या जागी क्यूआर कोड आला आहे. मोबाइल समोर धरला की पॉइंट जमा. वायरच्या खोक्यावर, प्लायच्या फळीवर, टाइल चिकटवायच्या पावडरच्या पोत्यात, सगळीकडे हाच कोड. पॉइंट साठले की खात्यात पैसे येतात, नाहीतर मिक्सर मिळतो, मोबाइल मिळतो, भरपूर माल उचलला तर परदेशवारी. कारागिराला माल विकायची आपल्याकडची बरीचशी विद्या इथे येऊन थांबली आहे. मला या प्रकाराचा राग येतो.

टोकनाचे पैसे कंपनी पदरचे देत नाही. ते बादलीच्या किमतीत धरलेले असतात, म्हणजे घरमालक देतो. बरं, ते निदान काम करणाऱ्याला मिळतात का? कंपनीच्या ॲपवर नाव ठेकेदाराचं, खातं ठेकेदाराचं. परांचीवर उभं राहून दिवसभर भिंत घासणारा पोरगा हजेरीवर असतो. त्याच्या नाकातोंडात पुट्टी जाते आणि पॉइंट दुसऱ्याच्या मोबाइलवर जातात. यापेक्षाही मोठं नुकसान रंगाऱ्याच्या शब्दाचं होतं. वीस वर्षं भिंती पाहिलेला माणूस सांगतो, 'ओल आधी काढा, मग रंगाचं बघू', तेव्हा घरमालकाच्या मनात शंका येते: याचा यात किती? रंगारी शंभर टक्के खरं बोलत असला तरी टोकनाने त्याची साक्ष आधीच बिघडवलेली असते.

दोष रंगाऱ्याला देऊ नका. चौरस फुटाचा दर आपण घासाघीस करून पाडतो, ती तूट तो टोकनातून भरून काढतो. आयकर खात्याचंही म्हणणं स्पष्ट आहे. 1 जुलै 2022 पासून धंद्यात मिळणाऱ्या अशा भेटींची किंमत वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेली की देणाऱ्याने 10 टक्के कर कापायचा. सरकारच्या लेखी ही कमाई आहे. कमाई आहे तर ती उघडपणे मजुरीत यावी, झाकणाखाली लपून नको.

आणि ते कारागीर मेळावे. तालुक्याच्या गावातलं हॉटेल, वर लावलेला बॅनर, पडद्यावर मालाच्या जाहिराती, मग जेवण, जाताना प्रत्येकाला एक बॅग आणि टोपी. बॅगेवर कंपनीचं नाव, टोपीवर कंपनीचं नाव. दोनशे माणसं बसलेली असतात आणि त्यांच्यातल्या कुणालाही कुणी विचारत नाही की बाबा, आमचा माल वापरताना तुला अडचण काय येते? खोलीत जमलेला अनुभव त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही, आणि तो जेवून घरी जातो.

कारागिराला माल विकणं वाईट आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. चांगलं कसं विकतात, हे याच महाराष्ट्रात घडलं आहे. सुतार पूर्वी सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो डिंक आधी तापवायचा, मग वापरायचा, निवला की पुन्हा तापवायचा, आणि वास सहन करायचा. 1959 साली मुंबईत बळवंतराय पारेख यांच्या कंपनीने फेविकॉल आणला. डबा उघडा आणि लावा, तापवायची भानगड नाही. पारेख स्वतः एकेकाळी मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते, लाकडाच्या वखारीतच राहायचे. फेविकॉल दुकानदाराच्या भरवशावर न सोडता थेट सुताराकडे नेला गेला. पुढे फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तकं निघाली. ती उघडून सुतार गिऱ्हाइकाला विचारायचा, यातलं कुठलं कपाट करू? पुस्तकामुळे सुताराला काम मिळालं आणि कामामुळे कंपनीचा डबा खपला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी सुताराची सोय झाली, विक्री तिच्या मागून आली.

त्याच्याही आधीचं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकायचे होते. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी माणसाने ते घरोघर वाचलं. माल विकण्यासाठी काढलेलं पत्रक लोक पैसे देऊन वाचू लागले, कारण त्यात वाचणाऱ्याला अक्कल आहे हे गृहीत धरलेलं होतं. शंभर वर्षांनी आपण रंगाऱ्याला टोपी देतो.

प्लंबरांचंही सांगायला हवं, कारण तिथे कंपन्यांनी खरंच काम केलं. जुना प्लंबर जीआय पाइपला आटे पाडायचा, आट्यावर धागा गुंडाळायचा, सफेदा लावायचा आणि पान्याने आवळायचा. मग प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप आले. आटे गेले, सफेदा गेला, सॉल्व्हंटने जोड चिकटवायचा प्रकार आला. हातातली निम्मी कला एका झटक्यात निकामी झाली. पाइप कंपन्यांची माणसं दुकानादुकानांत जाऊन दाखवू लागली: पाइप सरळ काप, कापलेली कड साफ कर, सॉल्व्हंट दोन्हीकडे लाव, पाइप थोडा फिरवत आत घाल, धरून ठेव, आणि जोड सुकल्याशिवाय पाणी सोडू नकोस. ज्या प्लंबरांना हे कुणीतरी समोर उभं राहून दाखवलं, त्यांचे जोड टिकले. ज्यांना दाखवलं नाही, त्यांचे टाइलच्या मागे गळले आणि खालच्या घराच्या छताला डाग पडल्यावर कळलं.

आता हीच वेळ टाइल बसवणाऱ्या गवंड्यावर आली आहे आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण मोठी फसगत इथेच चालली आहे.

ज्या गवंड्याने शहाबादी आणि कोटा बसवत हात तयार केला, त्याला सिमेंटच्या मालाची सवय आहे. खाली वाळू-सिमेंटचा थर, वर सिमेंटचं पाणी, वरून रबरी हातोडीने ठोकणं. फरशी पाणी शोषते, सिमेंट धरतं, काम वर्षानुवर्षं टिकतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पितच नाही. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. सिमेंटच्या पाण्याला धरायला तिच्यात जागाच नाही. म्हणून तिला वेगळी चिकट पावडर लागते, दातेरी पट्टी लागते, आणि मागची बाजू पूर्ण भरावी लागते. चार कोपऱ्यांत चार थापे आणि मध्ये एक, अशी जुनी पद्धत भिंतीवर वापरली तर मागे पोकळी राहते. टाइलवर बोट वाजवलं की बद्द आवाज येतो.

त्या पावडरचं पोतं कुणी नीट पाहिलं आहे का? पाणी मोजून घालायचं असतं. कालवल्यावर काही मिनिटं तसंच ठेवून पुन्हा कालवायचं असतं. घमेल्यातला माल आवळायला लागला की त्यात परत पाणी मारायचं नसतं, कारण त्याने ताकद जाते. साध्या सिमेंटच्या मालात गवंडी आयुष्यभर जे करत आला, त्यातलं निम्मं इथे चालत नाही. आणि हे सगळं पोत्यावर बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेलं असतं. दर्शनी बाजूला नाव एवढं मोठं की रस्त्यावरून वाचता यावं, आणि पाणी किती घालायचं हे वाचायला पोतं उन्हात धरावं लागतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला हुशार माणूस, ज्याला पाण्याची पातळी डोळ्यांनी कळते, तो अंदाजाने पाणी घालतो. दुसरं काय करणार?

सहा महिन्यांनी टाइल सुटते. घरमालक ओरडतो. कंपनीचा माणूस येतो, फोटो काढतो आणि लिहितो, 'ॲप्लिकेशन फॉल्ट'. काम करणाऱ्याची चूक. विषय संपला. गवंडी पदरच्या पैशाने टाइल पुन्हा बसवतो, तेही त्याच पोत्यातल्या पावडरने आणि त्याच अंदाजाने. त्याची बाजू कुणी ऐकत नाही. त्या पाहणीच्या कागदावर गवंड्याने काय केलं, किती पाणी घातलं, त्याला कुणी दाखवलं होतं का, हे लिहायला एक ओळ असायला हवी. शंभर कागदांवर तेच उत्तर आलं तर चूक कुणाची हे कंपनीला आपोआप कळेल.

तेव्हा माझी पहिली मागणी साधी आहे. महाराष्ट्रात विकायच्या पोत्यावर आणि डब्यावर वापरायची कृती मराठीत छापा, ठळक छापा, चित्रासकट छापा. हिंदीतही छापा, कारण बांधकामावर बरेच हात बिहार, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातून आलेले असतात. पाणी मोजायचा मग पोत्यातच टाका. त्याचा खर्च बॅगेपेक्षा कमी येईल आणि तो मग रोज हातात राहील.

दुसरी मागणी प्रशिक्षणाची. आमचं प्रशिक्षण फुकट आहे, असं कंपन्या अभिमानाने सांगतात. कारागिराला ते फुकट नसतं, त्याची दिवसाची हजेरी बुडते. त्याच्याबरोबरच्या बिगाऱ्याचीही बुडते. दिवसभर बसवायचं असेल तर दिवसाची मजुरी द्या. सरकारला हे कळलं आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन ठेवलं आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर आहे, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाख रुपये तारण न ठेवता कर्ज. रक्कम अपुरी आहे, पण तत्त्व बरोबर आहे.

मात्र त्या योजनेतली 18 कामांची यादी वाचा. सुतार आहे, लोहार आहे, राजमिस्त्री आहे, न्हावी, शिंपी, कुंभार, मासेमारीचं जाळं विणणारा आहे. त्यांना मिळालंच पाहिजे. पण वायरमन नाही. प्लंबर नाही. रंगारी नाही. वेल्डर नाही. बापजाद्यांकडून चालत आलेल्या कामांना जागा आहे, आणि ज्याने आयटीआयला जाऊन किंवा उस्तादाच्या हाताखाली मार खाऊन नवं काम शिकलं त्याला नाही. बाप शेतमजूर आणि पोरगा वायरमन, अशी हजारो घरं मराठवाड्यात आणि विदर्भात आहेत. त्या पोराने कष्टाने मिळवलेलं हे स्थान आहे आणि यादी करणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. या चार कामांची नावं त्या यादीत ताबडतोब घाला.

अवजारांकडे वळतो. चार इंची ग्राइंडर हे आज वेल्डरच्या, प्लंबरच्या, टाइलवाल्याच्या, इतकंच काय सुताराच्याही पिशवीत असतं. त्याचं गार्ड बहुतेकांनी काढून टाकलेलं असतं. भाषणं देणारे म्हणतात, निष्काळजी आहेत. एकदा शेजारी उभं राहून बघा. भिंतीला खाच मारताना गार्ड मध्ये येतं, पातं हवं तितकं आत जात नाही, काम अडतं, आणि मालक मागे उभा राहून घाई करत असतो. मग गार्ड जातं. त्यावर लाकूड कापायचं पातं चढवलं की ते अडकून उसळतं आणि मनगट किंवा मांडी फाटते. अवजार बनवणाऱ्यांनी भिंतीत नीट चालेल असं गार्ड देणं आणि ते स्वस्त ठेवणं, हा त्यांच्या मार्केटिंगचा भाग का असू नये? आणि दुरुस्ती. कार्बन संपले तर कारागीर स्वतः बदलतो. पण आर्मेचर जळालं की वॉरंटीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जा, बिल दाखवा, आठवडा थांबा. अवजार एकच असतं. ते आठवडाभर बंद म्हणजे चूल आठवडाभर मंद. दुरुस्ती होईपर्यंत वापरायला दुसरं मशीन हातात ठेवणारी कंपनी कारागीर आयुष्यभर सोडणार नाही, हे मी लिहून देतो.

विम्याचं तर बोलायलाच नको इतकं ते सोपं आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख मिळतात. टोप्या वाटणाऱ्यांनी मेळाव्यात एक टेबल बँकेचं लावलं आणि आलेल्या प्रत्येकाचा अर्ज तिथेच भरून घेतला तरी मोठं काम होईल. यापेक्षा मोठा विमा काढून देता आला तर उत्तमच, फक्त तो पॉइंटच्या वरच्या पायरीवर टांगून ठेवू नका. परांचीवरून पडणाऱ्याने किती बादल्या उचलल्या होत्या, याचा हिशेब कसला लावता?

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती कुणाच्याच डोक्यात आलेली दिसत नाही. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घ्यायचा आणि तो पैसा कामगारांच्या कल्याणाला लावायचा. महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. मुलांच्या शिक्षणाला मदत, आजारपणात मदत, अपघातात मदत, सगळं कागदावर आहे. रंगारी, प्लंबर, वायरमन, सुतार बांधकामावर असले तर तेही यात येतात. मुख्य अट, गेल्या वर्षभरात 90 दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला. मोठ्या साइटवर कायम असलेल्याला तो ठेकेदाराकडून मिळतो. पण जो रंगारी वर्षात वीस-पंचवीस घरं करतो, इथे चार दिवस, तिथे आठवडा, त्याला 90 दिवसांचा दाखला कोण देणार? घरमालकाला काम संपल्यावर त्याचं नावही आठवत नाही. खरं काम करणारा बाहेर राहतो आणि दाखले जमवून देणारा एजंट आत येऊन बसतो.

आता कंपनीचं ते ॲप आठवा. त्या माणसाने कुठल्या तारखेला कुठल्या गावात किती बादल्या उघडल्या, याची नोंद त्यात आहे. मोबाइल नंबर आहे, बँक खातं आहे, बऱ्याचदा पॅनही आहे. भारतातल्या हजारो कारागिरांच्या कामाची एवढी सलग नोंद सरकारकडे नाही, बँकेकडे नाही, खुद्द कारागिराकडेही नाही. ती कंपनीकडे आहे आणि ती पुढच्या महिन्यात कुणाला काय विकायचं एवढ्यासाठीच वापरली जाते. ही नोंद त्या कारागिराची आहे. ती त्याला परत द्या. ॲपवर एक बटण ठेवा, ते दाबलं की वर्षभराच्या कामाचा शिक्का-सहीचा कागद निघाला पाहिजे. तो घेऊन तो बँकेत कर्ज मागायला जाईल, जिथे आज 'उत्पन्नाचा पुरावा काय?' या प्रश्नावर तो उठून परत येतो. तोच कागद मंडळाने 90 दिवसांसाठी ग्राह्य धरावा. आणि नोंद ठेकेदाराच्या नावावर चालली असेल तर हाताखालच्या माणसांची नावं त्यात टाकणं सक्तीचं करा. मग टोकन बंद झालं तरी चालेल.

राहिलो आपण, म्हणजे घरमालक. कंपन्यांना शहाणपण शिकवून आपण मोकळे होऊ शकत नाही. टाइलच्या दुकानात आपण भाव फारसा करत नाही, कारण तिथे एसी असतो आणि समोरचा टाय लावून बसलेला असतो. बसवणाऱ्याशी मात्र फुटामागे दोन रुपयांसाठी तासभर घालतो. काम झाल्यावर 'राहिलेले देतो पुढच्या आठवड्यात' म्हणतो. त्याच्या बिगाऱ्यांना बाजाराच्या दिवशी पगार द्यायचा असतो, तो त्याने कुठून द्यायचा? उसने काढून देतो, आणि ते व्याज आपल्या कामाच्या दरात कधीच धरलेलं नसतं.

काम संपेल त्या दिवशी पूर्ण पैसे द्या. आणि आणखी एक करा, त्याला पाच मिनिटं लागतात. साध्या कागदावर लिहा: अमुक नावाच्या कारागिराने अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या घरी रंगाचं, नळाचं, विजेचं, फरशीचं काम केलं. बरोबर कोण होतं त्यांचीही नावं घाला. पत्ता, फोन, सही. एक प्रत त्याला द्या, तिचा फोटो तुमच्याकडे ठेवा. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत दाखला मागायला तो उभा राहील, तेव्हा त्याच्या हातात असे वीस कागद असतील, आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाला त्या वीस घरी फोन लावता येतील.